ब्रिटनमधल्या विद्यापीठात एनयूएसबद्दल मतदान आलं, तर काय करायचं?

ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्याचं पहिलं सत्र बँक खातं, घरभाडं, हजेरी आणि असाइनमेंट यांतच जातं. त्यात कधीतरी विद्यापीठाच्या ईमेलवर स्टुडंट्स युनियनचं, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचं, पत्र येतं: आपल्या युनियनने नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्सचं (एनयूएस, अशा युनियन्सची राष्ट्रीय संघटना) सदस्य राहावं का, यावर मतदान सुरू आहे. आपली बहुतेक मुलं ते पत्र न उघडताच पुढे जातात. "आपल्याला काय करायचंय, वर्षभरात परत जायचंय" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आमच्या विद्यापीठात असं मतदान झालं तेव्हा मी प्रचारात होते. त्या काळात भारतीय विद्यार्थ्यांनी, विशेषतः महाराष्ट्रातून आलेल्यांनी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते. आपण गोंधळतो याला कारणही आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबवल्या आणि गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, तरी आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात कधी मतपत्रिका पाहिलेली नाही. त्याच १९९४ साली ब्रिटनच्या संसदेने शिक्षण कायदा केला आणि युनियनने कुठल्या बाहेरच्या संघटनेत राहायचं हे गुप्त मतदानाने ठरवण्याचा हक्क विद्यार्थ्यांना दिला. इथे पाऊल ठेवलं की तो हक्क तुमचाही असतो.

हाताशी काय ठेवायचं

- विद्यार्थी ओळखपत्र आणि त्यावरचा क्रमांक
- विद्यापीठाच्या ईमेलचं लॉगिन, आणि दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचं अ‍ॅप चालू असलेला फोन (फोन बदलला असेल तर हे आधी दुरुस्त करून घ्या)
- युनियनची घटना आणि उपनियम
- या मतदानाची अधिकृत सूचना: प्रश्नाचे नेमके शब्द, तारखा, प्रचाराचे नियम
- बाहेरच्या संघटनांची आणि त्यांना दिलेल्या वर्गणीची वार्षिक यादी
- युनियनचा शेवटचा वार्षिक हिशोब

शेवटच्या चारही गोष्टी युनियनच्या संकेतस्थळावर मिळायला हव्यात. संघटनांची यादी सर्व विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सापडली नाही तर युनियनच्या कार्यालयात जाऊन मागा. मागायला संकोच नको.

## १. आपण मतदार आहोत का, ते बघा

विद्यापीठात नाव नोंदवलं की तुम्ही आपोआप युनियनचे सदस्य होता. वेगळा अर्ज नाही, वेगळी वर्गणी नाही. युनियनचा खर्च मुख्यतः विद्यापीठाकडून मिळणाऱ्या अनुदानावर चालतो. एक वर्षाचं मास्टर्स असो, पीएचडी असो किंवा अर्धवेळ अभ्यासक्रम, मताची किंमत सारखीच. पासपोर्ट कुठला हा प्रश्नच येत नाही.

सापळा एकच आहे. कायद्याने विद्यार्थ्याला युनियनचं सदस्य न राहण्याचाही हक्क आहे, आणि तो पर्याय नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठेतरी असू शकतो. पैसे कापले जातील या भीतीने काहीजण तो निवडतात. त्याने एक पौंडही वाचत नाही, मताचा हक्क मात्र जातो. शंका असेल तर युनियनला ईमेल करा. परत सदस्य होता येतं का, हे मतदान सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

व्हिसाबद्दल भीती असेल तर ती काढून टाका. युनियनच्या मतदानात भाग घेणं किंवा विनामोबदला प्रचार करणं यात व्हिसाचा काही भंग नाही. उलट, निवडून येऊन युनियनचा पूर्णवेळ पगारी पदाधिकारी होण्याचीही स्टुडंट व्हिसात सोय आहे. आणि युनियनशी संबंध नसलेली एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते: भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे राहणारे भारतीय विद्यार्थी ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीतही मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात.

## २. मत कुणाबद्दल आहे ते ओळखा

नावांचा घोळ इथे खरोखर होतो. एनयूएस म्हणजे ब्रिटनची नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स, स्थापना १९२२. भारतातली काँग्रेसशी जोडलेली एनएसयूआय वेगळी. ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची एनआयएसएयू ही आणखी वेगळी. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत या तिघींची सरमिसळ होते आणि मग भारतातल्या पक्षांवर वाद सुरू होतो. तो वाद इथे गैरलागू आहे.

आपल्याकडे विद्यार्थी संघटना म्हटलं की अभाविप किंवा एनएसयूआय डोळ्यांसमोर येते. विद्यार्थी स्वतः तिचा सभासद होतो. एनयूएसची रचना निराळी आहे. गृहनिर्माण सोसायट्यांचा जिल्हा महासंघ असतो तशी ती युनियन्सची संघटना आहे: सभासद असते तुमची युनियन, वर्गणी भरते तुमची युनियन, आणि तुमचा तिच्याशी संबंध येतो तो युनियनमार्फत. म्हणून इथे "मी बाहेर पडतो" असं होत नाही. सगळे मिळून राहतात किंवा सगळे मिळून बाहेर पडतात.

आणखी एक बारकावा. २०१८ मध्ये एनयूएस मोठ्या आर्थिक अडचणीत सापडली. त्यानंतरच्या फेररचनेत राजकीय आवाज उठवणारी एनयूएस यूके आणि युनियन्सना प्रशिक्षण, सल्ला वगैरे सेवा देणारी एनयूएस चॅरिटी अशी दोन कामं वेगळी झाली. त्यामुळे मतपत्रिकेवरचा प्रश्न यातल्या एकीबद्दल आहे की दोघींबद्दल, हे शब्द न् शब्द वाचून बघा. सूचनेत स्पष्ट नसेल तर निवडणूक अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तर जाहीर करायला सांगा. मतदानानंतर अर्थ लावण्यावरून भांडणं होतात ती या एका ओळीमुळे.

## ३. हे मतदान येतं कुठून?

१९९४ च्या कायद्याचं कलम २२ हे या सगळ्याचं मूळ. भाषा क्लिष्ट असली तरी त्यातल्या या गोष्टी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत.

युनियन कुठल्याही बाहेरच्या संघटनेत सामील झाली, तर तिने त्याची सूचना प्रसिद्ध करायची: संघटनेचं नाव, आणि वर्गणी किंवा देणगी किती. दर वर्षी निदान एकदा अशा सर्व संघटनांची यादी पैशांसकट प्रसिद्ध करायची, आणि ती यादी सदस्यांपुढे मंजुरीला ठेवायची. ही मंजुरी बहुधा एखाद्या सभेत, मोजक्या लोकांत, दोन मिनिटांत होऊन जाते. मला विचाराल तर तिथे हजर राहणं मोठ्या मतदानाइतकंच मोलाचं आहे, कारण प्रश्न विचारायला मोकळा वेळ तिथेच मिळतो.

यापुढचा भाग महत्त्वाचा. सदस्यांपैकी ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनी सह्या करून मागणी केली, तर एखाद्या संघटनेत पुढे राहायचं की नाही यावर गुप्त मतदान घ्यावं लागतं आणि त्यात प्रत्येक सदस्याला मत असतं. किती टक्के हे विद्यापीठाचं नियामक मंडळ ठरवतं, पण ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे २०,००० विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात फार तर १,००० सह्या. युनियनच्या स्वतःच्या नियमांत याहून सोपा रस्ता असू शकतो: विद्यार्थी परिषदेचा ठराव, किंवा काही शे सह्या. तुमच्या उपनियमांत बघा.

सह्या गोळा करणाऱ्यांसाठी: नावासोबत विद्यार्थी क्रमांक घ्या. क्रमांकाशिवायची सही पडताळता येत नाही. शिवाय नियमात आहे त्याहून भरपूर जास्त सह्या घ्या, कारण शिक्षण संपलेले, सदस्यत्व सोडलेले आणि दोनदा सही केलेले लोक छाननीत गळतात.

हा कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला शिकत असाल तर तिथली रचना वेगळी आहे. तुमच्या युनियनचेच नियम आधार माना.

## ४. आधी पैसे बघा, मग भाषणं ऐका

प्रचारात दोन्ही बाजू मोठमोठे शब्द वापरतात. त्यात शिरण्यापूर्वी कागद उघडा. एनयूएसची वर्गणी किती? युनियनच्या एकूण खर्चात ती किती टक्के बसते? दोन्ही भागांची मिळून की एकीचीच? एनयूएसच्या राष्ट्रीय परिषदेला प्रतिनिधी पाठवायचा प्रवासखर्च वेगळा आहे का?

मग दुसरी बाजू: बाहेर पडलो तर काय काय स्वतः विकत घ्यावं लागेल? बऱ्याच युनियन्स आपल्या बार आणि दुकानांसाठी एनयूएसशी जोडलेल्या सामूहिक खरेदीत भाग घेतात. पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, कायदेशीर सल्ला हेही तिथून येतं. हा हिशोब मांडला नसेल तर "एवढे पौंड वाचतील" हा दावा अपुरा आहे. आणि "एनयूएसशिवाय युनियन कोलमडेल" हा दावाही तितकाच अपुरा, कारण साउदॅम्प्टनची युनियन २००२ मध्ये बाहेर पडली, सेंट अँड्र्यूजच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सामील होण्याला नकार दिला, आणि त्या युनियन्स चालू आहेत.

काही अफवा दर मतदानात फिरतात. कौन्सिल टॅक्समधली (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली) सूट जाईल: चूक, ती सूट पूर्णवेळ विद्यार्थी असल्यामुळे कायद्याने मिळते. व्हिसावर परिणाम होईल: चूक, काही संबंध नाही. सवलतीचं कार्ड बंद होईल: पूर्वी एनयूएस एक्स्ट्रा नावाने मिळणारं कार्ड पुढे टोटम नावाने मिळू लागलं, पात्रता काय, ते त्या कार्डाच्या अटींत वाचा, पोस्टरवर विश्वास ठेवू नका.

## ५. दोन्ही बाजू समजून घ्या

राहा म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा हा आहे की विद्यार्थ्यांचे मोठे प्रश्न कॅम्पसवर सुटत नाहीत. आपलंच बघा. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मूल सोबत आणता येत नाही. व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यासाठी वर्षाला ७७६ पौंड झाला आहे. हे निर्णय लंडनमध्ये होतात, आणि तिथे एकट्या युनियनचं पत्र कोण वाचणार? एनयूएसमधून पुढे आलेल्यांना तिथले दरवाजे ओळखीचे असतात: पुढे गृहमंत्री झालेले जॅक स्ट्रॉ आणि चार्ल्स क्लार्क, आणि पुढे आरोग्यमंत्री झालेले वेस स्ट्रीटिंग हे तिघेही एकेकाळी तिचे अध्यक्ष होते.

बाहेर पडा म्हणणारे विचारतात, एवढा आवाज असून मिळालं काय? १० नोव्हेंबर २०१० ला एनयूएसने प्राध्यापकांच्या संघटनेसह लंडनमध्ये प्रचंड मोर्चा काढला. महिनाभरात संसदेने इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांवर नेलीच. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला तर मर्यादाच नाही. शिवाय राष्ट्रीय परिषदेत जे ठराव होतात ते सामान्य विद्यार्थ्याच्या मतापासून दूर असतात, ही तक्रार जुनी आहे.

तिसरा मुद्दा नाजूक आहे, आणि तो टाळू नये. २०१६ मध्ये मालिया बुआतिया अध्यक्ष झाल्या. त्यांच्या आधीच्या वक्तव्यांवरून ज्यूद्वेषाचे आरोप झाले, ते त्यांनी नाकारले, आणि देशभर युनियन्समध्ये मतदानं लागली. न्यूकॅसल आणि हलने बाहेर पडण्याचा कौल दिला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वॉरिक राहिले. २०२२ मध्ये पुन्हा ज्यू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून सरकारने एनयूएसशी संपर्क थांबवला. वकील रिबेका टक यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला. या विषयावर मत बनवण्यापूर्वी तो अहवाल वाचा, आणि वर्गातल्या ज्यू, मुस्लिम, पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐका. भारतातल्या टीव्हीवरच्या चर्चेचा साचा इथे लावू नका. ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे ती माणसं तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेली असतात.

मी स्वतः राहण्याच्या बाजूने होते, मुख्यतः व्हिसा आणि घरभाड्याच्या प्रश्नांमुळे. पण आत राहून हिशोब मागितला नाही तर त्या राहण्याला अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं.

## ६. प्रचारात उतरायचं असेल तर

आधी प्रचारगट म्हणून नोंदणी. बहुतेक युनियन्समध्ये "हो" आणि "नाही" अशा दोन गटांना मान्यता आणि खर्चाची मर्यादा असते. पोस्टरचा प्रत्येक पेनी हिशोबात धरला जातो. पावत्या ठेवा. नोंदणीआधी प्रचार सुरू केला तर तक्रार होऊ शकते.

आपल्या लोकांकडून नकळत होणाऱ्या चुका या:

मराठी किंवा इंडियन सोसायटीची सदस्ययादी प्रचाराला वापरणं. ही माहिती सोसायटीच्या कामासाठी दिलेली असते. प्रचाराला वापरली तर विदा (डेटा) संरक्षणाच्या कायद्याचा प्रश्न येतो. गणेशोत्सवाच्या नोंदणीतून मिळालेले नंबरही त्यातच आले. स्वतःच्या मित्रांना स्वतःच्या फोनवरून लिहा, त्याला कुणाची हरकत नसते.

सोसायटीच्या नावाने पाठिंबा जाहीर करणं. उपनियम परवानगी देत असतील तर सभा घेऊन ठराव करा. अध्यक्षाने एकट्याने पोस्ट टाकणं म्हणजे सगळ्या सभासदांच्या वतीने बोलणं.

आणि सर्वांत गंभीर: "दे फोन, मीच करून देते." दुसऱ्याचं मत टाकणं, किंवा मत देताना त्याच्या डोक्यावर उभं राहणं, हा थेट नियमभंग. गुप्त मतदान म्हणजे गुप्त, मग तो रूममेट असो की सख्खा भाऊ. २०१४ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एनयूएसवरचं अख्खं मतदान रद्द झालं, कारण न वापरलेले मतदार-कोड वापरून खोटी मतं टाकल्याचं उघड झालं होतं. बाहेर पडण्याचा आधी जाहीर झालेला कौल त्यात वाया गेला.

प्रचारात उपयोगी काय पडतं, तर समोरासमोर बोलणं. ग्रंथालयाच्या दाराशी, लॅबच्या चहाच्या वेळेला, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. हिंदी, मराठी, तेलुगू, ज्या भाषेत समोरचा मोकळा होतो त्या भाषेत. परदेशी विद्यार्थ्यांना पत्रकं मिळतात, पण त्यांच्याशी कुणी बसून बोलत नाही.

## ७. मत द्या

मतदान बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतं आणि काही दिवस चालतं. दुवा युनियनच्या संकेतस्थळावरूनच उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यात विद्यापीठाचा पासवर्ड टाकू नका. शेवटच्या तासाची वाट पाहू नका. मुदत कधी कधी दुपारी संपते, मध्यरात्री नाही. सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला असाल तर ब्रिटनची वेळ धरून हिशोब करा: हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार.

प्रश्नाची दिशा बघा. "आपण राहावं का?" आणि "आपण बाहेर पडावं का?" यांत "हो"चा अर्थ उलटा होतो. तटस्थतेचा पर्याय असेल, तर ते मत कोरममध्ये धरलं जातं का हे उपनियमांत तपासा. निकाल बंधनकारक ठरायला किमान किती जणांनी मत द्यावं लागतं आणि साधं बहुमत पुरतं की दोन तृतीयांश लागतं, हेही युनियनप्रमाणे बदलतं.

आपल्या एका मताने काय होणार, असं वाटत असेल तर लिंकन विद्यापीठाचा मे २०१६ चा आकडा बघा: बाहेर पडण्याच्या बाजूने ८८१, राहण्याच्या बाजूने ८०४. फरक ७७ मतांचा. एका मोठ्या मास्टर्स वर्गात याहून जास्त भारतीय विद्यार्थी असतात.

## ८. निकालानंतर

निकाल लागला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं होत नाही. बाहेर पडायला सूचनेची मुदत असू शकते, आणि भरलेली वर्गणी परत मिळत नाही असंही असू शकतं. युनियन धर्मादाय संस्था असेल तर विश्वस्त मंडळावर कायदेशीर आणि आर्थिक जबाबदारी असते. कुठल्या परिस्थितीत ते निकालाची अंमलबजावणी थांबवू शकतं, हे घटनेत लिहिलेलं असतं.

निकाल कायमचाही नसतो. डरहॅमची युनियन २०१० मध्ये बाहेर पडली आणि २०११ मध्ये परत आत आली. इंपीरियल कॉलेजने २००६ मध्ये सामील व्हायचं ठरवलं आणि २००८ मध्ये बाहेर पडायचं. पुन्हा मतदान मागण्याआधी किती काळ थांबावं लागतं, तेही उपनियमांत असतं.

राहायचं ठरलं, तर पुढचं काम राष्ट्रीय परिषदेच्या प्रतिनिधींची निवड. हे प्रतिनिधी विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडले जातात, आणि या जागांसाठी उमेदवार कमी पडतात. व्हिसा, अधिभार, ठेवीची रक्कम परत न करणारे घरमालक यांवर ठराव मांडायचा असेल तर अर्ज भरा.

मतदानात गैरप्रकार दिसला असेल तर तक्रार आधी निवडणूक अधिकाऱ्याकडे, लेखी, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉटसह. मुदत अगदी थोडी असते, कधी कधी मतमोजणी सुरू होण्यापूर्वीच संपते. तिथे समाधान झालं नाही तर युनियनची तक्रार प्रक्रिया, आणि त्यानंतर विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नेमलेली स्वतंत्र व्यक्ती. अशी व्यक्ती उपलब्ध असणं हेही कलम २२ मध्येच आहे. तिचं नाव आणि ईमेल विद्यापीठाच्या सचिवालयाकडून मिळतं.